जुना वाडा, देऊळ, शिलालेख: दुरुस्तीला हात घालण्याआधी काय करावे?

उथाळा (धागाकर्ता)

दर वर्षी फाल्गुन-चैत्रात 'वाड्याची भिंत फुगली आहे, काय करू?' असे प्रश्न येतात आणि उत्तरे तुकड्यातुकड्यांनी दिली जातात. म्हणून हा एकच धागा. मी घाटावरच्या वाड्यापासून सुरुवात करतो: घडीव दगडाचे जोते, सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मधे चपट्या विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या भिंती, वर कडीपाट (कड्या-फळ्यांचे लाकडी छत) आणि कौले. कोकण, मराठवाडा, देवळे, कागदपत्रे यांतले जाणकार भर घालतीलच.

पहिली गोष्ट, अशा वाड्यात बराचसा भार भिंत घेत नाही, सांगाडा घेतो. भिंतीचे पोपडे पाहून गवंड्याला बोलावले जाते, पण खरे दुखणे असते भिंतीत पुरलेल्या खांबाच्या बुडाशी. ते उघड्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पारदर्शक प्लास्टिकच्या नळीत पाणी भरून (गवंड्याची लेव्हल ट्यूब, दुसरे काही नको) एकाच रांगेतल्या सगळ्या खांबांवर तुळईच्या बुडाची पातळी मोजा. एखादा खांब शेजाऱ्यापेक्षा इंच-दीड इंच खाली बसला असेल, तर त्याचे बूड सडले आहे किंवा उथाळा (खांबाखालचा दगड) खचला आहे असे समजून तिथे आधी उकरून पाहा. नंतर खांबाच्या तळच्या दोन फुटांत टोच्या घालून बघा. निरोगी सागात तो पाव इंचसुद्धा शिरत नाही. सडक्यात लोण्यासारखा जातो. हातोडीने ठोकल्यावर भद्द आवाज आला तर आतून पोकळ.

दुसरी गोष्ट, भेगा. भेग दिसली की बुजवायची घाई करू नका. ती जुनी आणि थांबलेली आहे की अजून चालती, हे आधी कळायला हवे. भेगेवर आडवी, मायक्रोस्कोपच्या स्लाइडसारखी पातळ काच दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. काच तडकली तर भिंत हलते आहे. एक पूर्ण पावसाळा आणि एक उन्हाळा गेल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. काळ्या मातीवरचे बांधकाम पावसात उचलले जाते आणि उन्हाळ्यात खाली बसते. ती वार्षिक हालचाल असते, तिला घाबरून पाया खोदू नये.

तिसरी, पाणी. माझ्या मते निम्मे काम इथेच आहे. गल्लीतला रस्ता दर निवडणुकीला एक थर काँक्रीट खातो. पन्नास वर्षांत तो दीड-दोन फूट वर येतो आणि वाड्याचे जोते जमिनीत जाते. मग पावसाचे पाणी दगडावर न पडता थेट विटांवर उडते. उपाय प्लास्टरमध्ये नाही. बाहेरच्या बाजूने भिंतीलगत, पागोळीच्या (छपरावरून पडणाऱ्या पाण्याच्या) रेषेपलीकडे निदान चार बोटे पोचेल असा चर काढून तो जोत्याच्या मूळ पातळीपर्यंत मोकळा करा, तळाला उतार द्या, वर खडी टाका. भिंतीला चिकटून फरशी किंवा पेव्हर ब्लॉक लावू नका. खालची ओल बाहेर पडायला जागा उरली नाही की ती भिंतीत चढते.

क्रम असा ठेवा: पाणी थांबवा, मोजमाप आणि नोंद करा, धिरे (तात्पुरते टेकू) द्या, मग दुरुस्ती. रंगरंगोटी सर्वांत शेवटी.

कौलारू

उत्तम सुरुवात. मोजमापाबद्दल एक: वाड्याचे कोपरे काटकोनात नसतात, त्यामुळे फक्त लांबी-रुंदी घेतली तर नकाशा कागदावर जुळत नाही. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्या. १:५० प्रमाण पुरते. आणि खण (दोन खांबांमधले अंतर) मोजून लिहा. 'सोपा पाच खणी, माजघर तीन खणी' ही नोंद पुढे जुने दस्त वाचताना फार उपयोगी पडते, कारण वाटणीपत्रांत फुटांपेक्षा खणच जास्त सापडतात.

चुनाघाणी

सिमेंटचा विषय निघण्याआधीच लिहून ठेवतो.

जुनी वीट मऊ असते, पाणी शोषते आणि सोडते. चुन्याचा गिलावाही तेच करतो. त्यावर १:४ सिमेंट मारले की बाहेरचा थर आतल्या भिंतीपेक्षा कठीण होतो आणि ओल अडकते. ती सिमेंटच्या मागे विटेतच सुकते. तिच्यातले क्षार तिथेच स्फटिक धरतात आणि विटेचा दर्शनी भाग भुकटी होऊन पडतो. चार-पाच वर्षांनी सिमेंटचा पत्रा विटेची साल घेऊनच उतरतो. लोक म्हणतात 'वीट खराब होती'. वीट दोनशे वर्षे चांगली होती.

आता कृती. कळीचा (न विरवलेला) चुना ताजा, ढेकळांतला घ्या. हवेत पडून भुगा झालेला नको. आधी खड्ड्यात किंवा टाकीत पाणी आणि त्यात चुना, उलटे कधीही नाही. पाणी उकळून उडते, डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेतच, मुलांना जवळ येऊ देऊ नका. ढेकळाच्या आकारमानाच्या अडीच-तीन पट पाणी. विरला की बारीक जाळीतून गाळा आणि वर चार बोटे पाणी राहील असा झाकून ठेवा. कमीत कमी तीन आठवडे. तीन महिने मुरला तर हाताला लोणी लागावे तसा लागतो. न विरलेले खडे गिलाव्यात राहिले तर महिन्या-दोन महिन्यांनी फुगून छोटे छोटे खड्डे पाडतात. गाळायचा कंटाळा करणाऱ्यांना ती शिक्षाच आहे.

भिंतीच्या पहिल्या हातासाठी (थरासाठी) मुरलेला चुना १, सुरखी (विटेची भुकटी) १, धुतलेली कंगोरेदार वाळू २, मापाने. सुरखी कमी भाजलेल्या विटेचीच हवी. जास्त भाजून काळसर झालेल्या विटेची भुकटी चुन्याशी काही करत नाही, ती नुसती भर होते. राखेच्या विटा चालत नाहीत. घाणी (चुना मळायचे दगडी चाक) मिळत असेल तर उत्तम, नाहीतर मुसळाने कुटा किंवा चाकाच्या मिक्सरमध्ये मळा. सिमेंटचा फिरता ड्रम चुना मळत नाही, त्याच्या गोळ्या करतो. पाणी वाढवायचा मोह टाळा. मळत राहिले की चुना आपोआप मऊ पडतो.

भिंतीचे सांधे पाऊण इंच खोल खरवडून घ्या, आदल्या संध्याकाळी भिंत भिजवा, सकाळी पुन्हा. हात अर्ध्या इंचाहून जाड नको. दुसऱ्या दिवशी बारीक भेगा दिसल्या तर घाबरू नका. गिलावा चामड्याइतका घट्ट असताना लाकडी थापीने पुन्हा दाबायचा, भेगा मिटतात. नखाने ओरखडा जेमतेम उठतो अशी स्थिती आली की दुसरा हात. मग दोन आठवडे ओली पोती लावून सावलीत ठेवा. चुन्याला घट्ट व्हायला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो आणि तो ओलाव्यातच काम करतो. गिलावा एका दिवसात सुकला म्हणजे तो 'झाला' नाही, तो मेला. आत किती पक्का झाला ते पाहायचे असेल तर छोटा तुकडा काढून मोडा आणि मोडलेल्या बाजूवर फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाका. गुलाबी झाला तिथे अजून कच्चा चुना आहे.

हंगाम: दिवाळीनंतर ते माघापर्यंत. वैशाखात करू नका, वाऱ्याने गिलाव्यातली ओल उडून जाते.

प्रश्नार्थक

बाजारातला पाकिटातला चुना चालतो का? आणि आमच्याकडचे इंजिनिअर चुना १, सिमेंट १, वाळू ६ असे सुचवतात. हा मध्यम मार्ग नाही का?

चुनाघाणी

पाकिटातला चुना ताजा असेल तर पाण्यात तीन-चार दिवस भिजवून वापरता येतो. खात्री करण्याची सोपी युक्ती: चमचाभर पूड घेऊन त्यावर व्हिनेगर टाका. खूप फसफसली तर तो चुना गोदामातच हवा लागून परत चुनखडी झाला आहे. पांढऱ्या मातीच्या भावाने घ्या.

१:१:६ बद्दल, नव्या पक्क्या विटेवर ते ठीक. जुन्या मऊ विटेवर मी लावणार नाही. त्यातल्या सिमेंटचे क्षार भिंतीत उतरतातच. ज्याला लवकर घट्ट होणारा चुना हवा, त्याने सुरखी वाढवावी. सिमेंटला वाड्यात जागा आहे, पण वेगळी: परसात नवा संडास-न्हाणीघर बांधायचे ते सिमेंटात बांधा, वाड्याला चिकटवू नका. वरच्या मजल्यावर कडीपाटाच्या डोक्यावर न्हाणीघर करणे हा तर तुळईला दिलेला शापच.

हिरडाबेहडा

गूळ, हिरड्याचे पाणी, बेलफळ राहिले! ते नसेल तर पारंपरिक चुना कसला?

चुनाघाणी

येणारच होते हे. गुळाने चुना चांगला पसरतो आणि उशिरा घट्ट होतो. हिरड्यातल्या कषायामुळे आणि बेलाच्या चिकाने पाणी थोडे अडते. हे खरे. पण प्रमाण जास्त झाले तर गिलावा आठवडे न आठवडे मऊ राहतो आणि पावसात त्यावर बुरशी धरते. वाळू न धुता, पोती न लावता नुसता गूळ ओतून काही होत नाही. ज्याला घालायचे त्याने एक फूट बाय एक फुटाचे तीन तुकडे भिंतीवर करून पाहावेत: एक साधा, एक कमी गुळाचा, एक जास्त गुळाचा. महिनाभराने नखाने आणि पाण्याच्या थेंबाने स्वतःच ठरवा. मसाल्याचे प्रमाण भिंतीने सांगितलेले बरे.

जांभादगड

कोकणातली बाजू. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागून घट्ट होतो. म्हणजे त्याला हवा लागू देणे हेच त्याचे जतन. जांभ्याच्या भिंतीला सिमेंट गिलावा केला की आतला दगड पुन्हा मऊ पडायला लागतो, विशेषतः पश्चिमेच्या भिंतीत. उघडा ठेवा किंवा चुन्याची सफेदी करा.

जुन्या चुन्यात वाळू किती होती ते शोधायला लोक नमुना सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवतात. चुना जातो, वाळू उरते, ती सुकवून तोलतात. पद्धत बरोबर आहे, पण किनाऱ्यावर फसवते. आमच्या आणि गोव्याच्या जुन्या चुन्यात शिंपल्यांचे तुकडे असतात, तेही आम्लात जातात. आकडा येतो 'चुना फार, वाळू नाही'. आधी भिंगातून बघा, शिंपल्याचे पापुद्रे दिसतात का ते.

लाकडाला काजूच्या टरफलाचे तेल लावतात, वाळवीला ते चांगले आवरते. पण अंगावर उततं हो. हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि लावल्यावर घर काही दिवस उघडे ठेवा.

टेकू

उथाळा यांनी बूड सडलेल्या खांबाचे सांगितले, पुढचे मी लिहितो. सडका भाग कापण्याआधी तुळईला दोन्ही बाजूंनी धिरे. धिऱ्याखाली जाड फळी, म्हणजे भार फरशीच्या एका दगडावर येत नाही. स्क्रू जॅक असेल तर तुळई एका दिवसात वर आणू नका. शंभर वर्षे वाकलेली तुळई पटकन सरळ केली की वरचा कडीपाट फाटतो. दिवसाला दोन-तीन मिलिमीटर, आणि पूर्ण वर आलीच पाहिजे असे नाही. थोडा बाक राहू द्या.

जोड नव्या सागाची, शक्य तर पाडलेल्या इमारतीतल्या जुन्या लाकडाची. नवे लाकूड ओले असते आणि सुकताना सांधा उघडतो. सांधा तिरका, लांबी खांबाच्या जाडीच्या अडीच-तीन पट, गंज न धरणारे बोल्ट. खाली उथाळ्यावर शिशाचा पातळ पत्रा टाकला तर दगडातली ओल लाकडात चढत नाही. आणि खांबाभोवती फरशी करताना सिमेंट लाकडाला टेकवू नका. बरेच खांब वाळवीपेक्षा ह्या एका चुकीने गेले आहेत.

वाळवीसाठी: मातीच्या नळ्या नुसत्या पुसून उपयोग नाही, वारूळ जमिनीत आहे. भिंत आणि फरशी जिथे भेटतात तिथे फूटफूट अंतरावर १२ मिलिमीटरची भोके पाडून औषध जमिनीत जाऊ द्यायचे असते. इमिडाक्लोप्रिडचे मिश्रण साधारण ०.०७५ टक्के. परवानाधारकाकडूनच करून घ्या, आणि भोके घडीव दगडात नाही, सांध्यांत पाडायला सांगा. मशीन घेऊन येणाऱ्या मुलाला तो फरक कोणी सांगितलेला नसतो.

नोंदवही

स्ट्रक्चरल ऑडिटबद्दल कुणी लिहील का? नगरपालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली की लोक लगेच घाबरतात.

टेकू

नोटिशीतला वर्ग आधी वाचा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता रचनेची दुरुस्ती. सी-३ किरकोळ. बऱ्याच अहवालांत वाड्यावर रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक चाचणीचे आकडे छापलेले असतात. ह्या दोन्ही चाचण्या काँक्रीटच्या आहेत! मातीच्या भिंतीवर हॅमर आपटून आलेल्या आकड्याला काही अर्थ नाही. लाकडी इमारतीचा अहवाल हवा तर त्यात लाकडातला ओलावा (२० टक्क्यांच्या वर कुजणे सुरू होते), खांबांच्या बुडाची तपासणी, तुळयांचा बाक आणि सांधे यांच्या नोंदी पाहिजेत. त्या नसतील तर लाकूडकामाची माहिती असलेल्या संवर्धन-अभियंत्याचा दुसरा अहवाल जोडून मुदतीत लेखी म्हणणे द्या. गप्प बसू नका. मात्र अहवाल खरोखर सी-१ असेल तर माणसे आधी बाहेर, वाद नंतर.

आणि वीज! जुनी कापडी वेष्टणाची वायर कडीपाटाच्या पोकळीतून गेलेली असते. शनिवारवाडा १८२८च्या आगीत गेला, उरले ते दगडी जोते, तट आणि दरवाजा. लाकूड असेच जाते. नवी वायर धातूच्या नळीतून, भिंतीच्या बाहेरून. दिसली तर दिसू दे.

दप्तरी

इमारतीचे झाले, आता तिचा इतिहास. दुरुस्ती सुरू झाली की पहिला बळी जातो तो माळ्यावरच्या रुमालांचा. कागदांची गाठोडी 'कचरा' म्हणून चुलीत जातात.

सापडलेले मोडी कागद उन्हात वाळत घालू नका, लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी किंवा डिंक लावू नका. लॅमिनेशन परत काढता येत नाही. घडीवर फाटणारा कागद जोराने उलगडू नये, दमट हवेत काही तास ठेवला की घडी सैल पडते. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा, सपाट ठेवून सुती धुवट कापडात बांधा. रुमालात ज्या क्रमाने कागद होते तोच क्रम ठेवा, क्रमांक पेन्सिलने कडेला. क्रम हाच पुरावा असतो. फोटो वरून सरळ, शेजारी मोजपट्टी, पाठपोटही, कारण शिक्का आणि शेरा बहुधा मागे असतो.

तारखेचा घोळ मात्र सगळे करतात. पेशवेकाळच्या कागदावर बहुतेक सुहूर सन (तेव्हाच्या दप्तरातली कालगणना) अरबी शब्दांत असतो, एकक आधी. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे १ + ६० + १०० + १०००, अर्थात ११६१. हे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलते. म्हणून जून ते डिसेंबरसाठी ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मेसाठी ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ची, ती ११६१मध्येच येते. ५९९ मिळवणारा तिला १७६०मध्ये नेऊन ठेवतो. फसली (महसुली) सन सुहूरपेक्षा ९ने जास्त, म्हणजे तेच वर्ष फसली ११७०. शकाला ७८, पण पौष-माघ-फाल्गुनात इंग्रजी वर्ष बदललेले असते, तेव्हा ७९. पानिपत पौष शुद्ध ८ शके १६८२.

पडताळ्यासाठी संवत्सर (साठ वर्षांच्या चक्रातले वर्षाचे नाव) आहेच. शकात १२ मिळवून ६०ने भागा, बाकी म्हणजे संवत्सराचा क्रमांक, प्रभव पहिला. १६८२ + १२ = १६९४, बाकी १४, विक्रम. राज्याभिषेकाचा शके १५९६: बाकी ४८, आनंद. कागदावर किंवा शिलालेखावर शक आणि संवत्सर जुळत नसेल तर आधी वाचन तपासा. मोडीत आणि झिजलेल्या दगडावर अंक चुकण्याची शक्यता लेखनिक चुकण्यापेक्षा जास्त असते.

शोध कुठे घ्यावा? घराच्या मिळकत पत्रिकेपासून मागे जा: सिटी सर्व्हेचा मूळ नकाशा, फेरफार, वाटणीपत्र. इनामी घराणे असेल तर इनाम कमिशनच्या काळातली (१८५२नंतरची) कागदपत्रे. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर, शिवाय भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०) आणि धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ. मुंबई इलाख्याचे जिल्हा गॅझेटिअर गावाबद्दलच्या पहिल्या टिपणासाठी वाचावे, अखेरच्या शब्दासाठी नाही.

देवळांसाठी विश्वस्त नोंदणीचे परिशिष्ट १ काढून पाहा. तिथे लोक फक्त विश्वस्तांची नावे बघतात, पण मिळकतीचे वर्णनही असते.

वीरगळ

दप्तरींच्या पोस्टीला जोडून, दगडांचे.

गावच्या वेशीवर किंवा मारुतीच्या पारावर मांडलेल्या शिळांत वीरगळ असतात: खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, मधे अप्सरा त्याला वर नेताना, वरती शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. गाय दिसली तर गोरक्षणात पडलेला. गाढवाचे चित्र असलेला गधेगळ म्हणजे दानाचा भंग करणाऱ्याला शाप, त्यावर अक्षरे असण्याची शक्यता जास्त. शिळा 'नीट मांडण्यासाठी' उपटून सिमेंटच्या कट्ट्यात रोवल्या जातात आणि खालची चौकट, काही वेळा लेखाच्या शेवटच्या ओळी, कायमच्या गाडल्या जातात. हलवायचीच असेल तर मूळ जागा, तोंडाची दिशा आणि जमिनीखालची लांबी आधी लिहून ठेवा.

लेख वाचण्यासाठी अक्षरांत चुना, हळद, खडू, तेल भरू नका. रात्री टॉर्च दगडाच्या अगदी कडेला धरा, उजेड जवळजवळ समांतर पडला पाहिजे. डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून असे चार-पाच फोटो घ्या, कॅमेरा न हलवता. दुपारी न दिसलेली मात्रा रात्री उभी राहते. त्रिमितीय प्रतिकृती करायची तर प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा ७०-८० टक्के भाग यायला हवा.

कागदी ठसा पक्क्या बसाल्टवरच. दगड पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा (तारेचा ब्रश नाही, आम्ल नाही), जाड हातकागद भिजवून लावा, मधून कडेकडे हवा काढत ब्रशने ठोका म्हणजे कागद अक्षरांत बसतो. अर्धवट वाळला की काजळीची शाई लावलेली गादी हलकेच टेकवा. अक्षरे पांढरी उरतात. कागद ओला असताना शाई लावली तर ती दगडात उतरते. पापुद्रे सुटणाऱ्या दगडाला ठशाचे नावही काढू नका.

शेंदराचा जाड थर असेल तर तो देव आहे. गावाशी बोलल्याशिवाय खरवडायचा नाही.

कोबा

देवळांत सध्या जास्त नुकसान 'जीर्णोद्धारा'नेच होते. हेमाडपंती मंदिराचे दगड बहुतेक कोरडे रचलेले, एकमेकांच्या खाचांत बसवलेले. त्या सांध्यांत सिमेंट भरले की पाणी निघायची वाट बंद होते. गळती वरून असते. छताच्या दगडांवर जुना चुन्याचा कोबा (धोपटून केलेला थर) असतो, तो फुटलेला किंवा पिंपळाने उचललेला असतो. तो काढून चुना, सुरखी आणि वीटखडीचा नवा कोबा, चांगला धोपटून, उतारासकट. वर काँक्रीटचा स्लॅब नको, त्याचे वजन खालच्या तुळयांनी कधी धरलेलेच नाही. वाळूचा फवारा मारून बसाल्ट 'स्वच्छ' करणे म्हणजे मूर्तीचे नाक-डोळे घासून काढणे. ऑइलपेंटही नको.

पिंपळ-वड उपटू नका, मुळासोबत दगड येतात. खोड कापा, ताज्या कापावर तणनाशक ब्रशने लावा (ग्लायफोसेट आता नोंदणीकृत कीडनियंत्रकांमार्फतच वापरता येते), मुळे पूर्ण वाळू द्या, मग सुटी झालेली काढून पोकळी पातळ चुन्याने भरा. मीठ ओतण्याचा गावठी उपाय झाडापेक्षा दगडाला जास्त मारतो.

नियमकानून

कायद्याचे थोडक्यात. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित, पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, हे १९९२च्या अधिसूचनेने आले आणि २०१०च्या दुरुस्तीने कायद्यातच घातले गेले. त्या पट्ट्यात तुमचा वाडा असेल तर दुरुस्तीलाही परवानगी लागते. राज्य संरक्षित स्मारकांना १९६०चा राज्याचा कायदा. बाकीच्या इमारतींना संरक्षण मिळते ते स्थानिक वारसा यादीतून. मुंबईत ही नियमावली १९९५मध्ये लागू झाली, श्रेणी १, २अ, २ब, ३. श्रेणी १मध्ये जवळजवळ काहीच बदलता येत नाही, श्रेणी ३मध्ये बरेच. तुमचा वाडा कुठल्याच यादीत नसेल तर तो पाडायला वारसा म्हणून कोणाची हरकत नाही, हे लक्षात घ्या.

शंभर वर्षांहून जुना कोरीव दरवाजा किंवा मूर्ती १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येते. देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. खोदकामात नाणी किंवा भांडे निघाले आणि मोल दहा रुपयांवर असेल तर १८७८च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक. दहा रुपये वाचून हसू येते, पण मर्यादा तीच आहे.

प्रश्नार्थक

पण खरी अडचण वेगळीच असते. वाड्याचे चौदा वारस, तीन पुण्यात, दोन अमेरिकेत. कोणीच सही करत नाही. तोवर काय?

उथाळा (धागाकर्ता)

सह्यांची वाट बघत वाडा थांबत नाही, हे खरे. म्हणून दोन भाग करा. मोठे बदल, विक्री, वाटणी याला सह्या लागतील. पण कौले फिरवणे, पन्हळ साफ करणे, धिरे देणे ही राखण आहे. जो तिथे राहतो त्याने इतरांना पत्राने कळवून, खर्चाच्या पावत्या आणि आधी-नंतरचे फोटो ठेवून हे करावे. पुढे वाटणीत तो खर्च मागता येतो. एखादा वारस अडूनच बसला तर वकिलाला विचारा.

कौलारू

तर कौलांचेच सांगतो, कारण पावसाळ्याआधी एवढे एकच काम होणार असेल तर हेच व्हावे. मंगलोरी कौल चौरस मीटरला साधारण १५ लागते. जुन्या कौलांच्या रिपांचे (कौलांखालच्या आडव्या पट्ट्यांचे) अंतर नव्या कौलावरून ठरवू नका. प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा वेगळा, म्हणून जुनी आणि नवी कौले एकाच पाख्यावर (छपराच्या उतारावर) मिसळली की ओठ नीट बसत नाहीत आणि वाऱ्याच्या पावसात नेमके तिथेच गळते. सगळी जुनी कौले उतरवून एका पाख्यावर जमवा, नवी दुसऱ्या पाख्यावर. फुटकी वेगळी काढताना बोटाने टिचकी मारा: खणखणीत वाजले तर चांगले, ठस्स वाजले तर केसासारखी भेग आहे. आढ्याची कौले सिमेंटात बसवू नका, चुना-सुरखीत बसवा, नाहीतर पुढच्या वेळी काढताना प्रत्येक कौल फुटेल.

पन्हळाला दर दहा फुटांना एक इंच उतार. तोंडाशी जाळी नको, पाने अडकून पन्हळ भरतो आणि पाणी मागे भिंतीत जाते. मृगाच्या आत एकदा साफ, मग पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा एकदा, कारण वर्षभराची धूळ आणि चिमण्यांच्या काड्या त्या पावसातच खाली येतात. त्याच पावसात छत्री घेऊन बाहेर उभे राहा आणि पागोळी कुठे पडते ते खडूने जमिनीवर आखा. उथाळा यांनी सांगितलेला चर त्या रेषेच्या बाहेरपर्यंत पोचला पाहिजे.

उथाळा (धागाकर्ता)

हे मूळ पोस्टीत घेतो. फूटभर रुंदी लिहिली होती, ती 'पागोळीच्या रेषेपलीकडे निदान चार बोटे' अशी बदलली आहे.